गाढवगाडीचं वळण

नामिबच्या फाटकावर मी दोघींचे पैसे पुढे केले,
तर खिडकीतल्या माणसाने निम्मे परत सरकवले.
तिचं घर आतच आहे, म्हणाला,
तिला कसला परवाना.

अपोलोनिया पुढे, मी मागे.
माणशी पाच लिटर पाणी, सुकवलेलं मांस, एक लिंबू.
लिंबू कशाला, ते तिने सांगितलं नाही.

पहाटे धुकं होतं.
समुद्रापासून रात्रभर चालत आलेलं, पन्नासेक किलोमीटर.
आम्ही चालणार होतो नऊ,
त्यातही मी चारदा बसणार होते.

वाळूच्या धारेवर एक काळा किडा
डोकं खाली, ढुंगण वर करून उभा.
पाठीवर धरलेला धुक्याचा थेंब
घरंगळत तोंडापर्यंत येईस्तोवर
आम्ही दोघी श्वास रोखून.
तो प्यायला.
मग मला तहान लागली.

वाळू तांबडी, वस्त्रगाळ.
दोन पावलं वर, दीड पाऊल खाली.
माथ्यावरून मागे पाहिलं तर
माझ्या पावलांच्या कडा ढासळत होत्या,
खालची तर मिटलीच होती.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
इतकं धापा टाकत चढलेलं
कुणी पाहू नये असंच होतं.

मग नदी उतरलो. कुइसेब.
पाणी नाही; नाव आहे, दोन काठ आहेत,
शेंगांखाली तोंड वर करून उभ्या शेळ्या आहेत.
आहे ना पाणी, खाली आहे, अपोलोनिया म्हणाली,
दारात आलेल्याला सांगावं तसं:
आत आहे, झोपलंय.
काही वर्षांनी एकदा उठतं,
आणि अंगणात आलेली वाळू
समुद्राच्या दिशेने लोटून देतं.

काठाशी नाराची झुडपं, पान नाही, नुसता काटा.
हे तिच्या आजोबांचं, ते मावशीचं,
ते तिकडचं भांडणातलं.
भांडणातल्या झुडपाला फळं जास्त होती.

नदीपलीकडे वाळू संपली.
बारीक खड्यांचं मैदान, नजर अडेल असं काही नाही,
आणि खड्यांवर नारिंगी, राखी, करडं
दगडफूल.
आमच्या गोड्या मसाल्यात पडतं ते, त्याचं कुणीतरी नातलग.
वाकून वास घेतला. कसलाच नाही.
इथे गाडीवाटेवरूनच चाल, ती म्हणाली,
हे मैदान काही विसरत नाही.

आणि मग ते दाखवलं.
वाटेपासून फुटून डावीकडे गेलेल्या दोन फिक्या रेघा,
गोल फिरून पुन्हा वाटेलाच मिळालेल्या.
लुगड्याच्या काठावर कुणी कोयरी काढायला घेऊन
तशीच सोडावी, तसं वळण.

मी सात वर्षांची, ती म्हणाली.
बाबा मला वसतिगृहात सोडायला निघाले होते,
गाडीला तीन गाढवं.
इथवर मी रडले,
तर त्यांनी गाडी घराकडे वळवली.
इथवर ते गप्प होते.
मग परत वळवली.

एकेचाळीस वर्षं झाली.
मधल्या काळात बाबा गेले, गाढवं गेली,
आता वाट सोडून गाडी नेली तर दंड आहे.
वळणाच्या पोटात दगडफूल जसंच्या तसं,
रेघांत अजून नाही धरलेलं.

मी मोजली पावलं, वाटेवरूनच, अंदाजाने:
ती घरी परतत होती ते अंतर
तीसएक पावलं भरलं.

तिने लिंबू कापलं. अर्धं मला दिलं.
आम्ही उभ्यानेच चोखलं, डोळे बारीक करून,
आणि माझ्या तोंडून निघालं:
च्च.

आपल्याकडे हळहळ अशीच निघते,
जीभ दाताला लावून सोडली की झालं, पुढे काही नसतं.
तिच्या भाषेत मात्र ते अक्षर आहे.
तिथून शब्द सुरू होतात.

ती लिंबाचं साल हातात धरून
माझ्याकडे बघत राहिली,
पुढच्या अक्षरासाठी थांबलेली.