थोडंच, थोडंसं

डंडीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
गुरुवारी सहा ते साडेसात.
रेडिएटर खडखडतो. खिडकीबाहेर टे नदीला
भरती की ओहोटी, अंधारात कळत नाही.
फळ्यावर मी लिहिते: लिटल.
त्याखाली: अ लिटल.

पहिल्यात दूध संपत आलंय,
दुसऱ्यात चहापुरतं आहे.
पातेलं तेच. दूधही तेवढंच.

सहाही जण माना डोलावतात, म्हणजे कळलेलं नाही.
मला मराठीत सोपं होतं.
आई पातेल्यात डोकावून
थोडंच म्हणाली की पाहुण्यांनी उठायचं,
थोडंसं म्हणाली की बसायचं.
हे इथे सांगून काय उपयोग.

त्साय मेइयुन, टेकअवेच्या किचनमधून थेट आलेली,
बाहीला आल्याचा वास,
म्हणते, आमच्यात यी द्येन. एक ठिपका.
मी म्हणते, त्यातला एक, तोच हा अ.
ती म्हणते, घाईत आम्ही तो एक खाऊन टाकतो.

वर्ग सुटल्यावर, खुर्च्या रचताना, विचारते:
मंगळवारी डॉक्टर म्हणाली, लिटल होप.
तिच्या बोलण्यात अ होता का?

नवरा हॉस्पिटलात, अकरावा दिवस.
मी तिथे नव्हते.

डॉक्टर कुठली? मी विचारते.
इथलीच. मासेवाल्यासारखं बोलते, भरभर.
मग लिटल म्हणाली, की वी?
इथे लहानाला वी म्हणतात.
वी पोरगं, वी कप,
बस चुकली तरी एक वी मिनिट थांबा.
मेइयुन डोळे मिटते, ओठ हलवून बघते.
वी. कदाचित वी. वी काहीतरी.

दिवे अर्धे मालवलेले. मी मार्कर पुन्हा उघडते.
हे बघ, वी कधी एकटा येत नाही,
त्याच्या आधी अ असतोच.

असतोच का?
असा नियम मी कुठे वाचलेला नाही.
आठवून बघते: शेजारीण, बसवाला,
पोस्टातली मोरॅग, जी पार्सल तोलताना बडबडत असते.
वी म्हणून कुणी काही संपवलेलं
अजून तरी कानावर नाही.

ती उतरवून घेते.
आधी शब्द, डावीकडे जागा सोडून.
मग त्या जागेत एकच अक्षर,
इतकं दाबून
की खालच्या कोऱ्या पानावरही उमटतं.