जिवंतपणीचा रंग

लांबी सात मिलिमीटर, वर केसभर.
रुंदी मोजताना हात हलला, तीनदा मोजली.
शिंगांची पेरं अकरा. शेवटची पाच काळपट,
दौतीत बुडवून काढल्यासारखी.
शिंग म्हणू की मिशी?
लिहायचं इंग्रजीत असलं तरी मोजणं माझं मराठीतच होतं.
पलीकडच्या टेबलावरून मोघेबाई म्हणतात,
“तू पुटपुटतेस ने, वाटतं कुणी पाढे म्हणतंय.”

पाठीला घुमटी. कडेला पारदर्शक झालर.
सहाही पाय तिच्याखाली ओढून घेतले
की पानावर उरतो नुसता एक थेंब.
म्हणून कासवभुंगा.
या कुळातले पुष्कळ आमच्या कपाटांत आहेत,
नावानिशी, डांबरगोळ्यांच्या वासात.
हा कुठल्याच खणात नव्हता.

ऑगस्ट संपत आलेला. हालोलच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी
जीपचं चाक रुतलं. सिकंदरभाई फांद्या शोधायला गेले.
वाट दाखवायला आलेल्या झीणीबेन राठवांना
रिकामं बसणं जमत नाही;
त्या रस्त्याकडेची वेल उलटून पालटून बघत होत्या,
बाजारात भाजी बघावी तशी.
एक पान चाळणी झालेलं. त्याच्या पोटाशी तिघं.
दोन मी बाटलीत घेतले.
तिसरा त्यांच्या बोटावर चढला, नखाच्या टोकापर्यंत गेला,
झाकणं उघडली,
“गयुं,” त्या म्हणाल्या. चुकलेल्या बसबद्दल म्हणावं तसं.

मी तेव्हा बाटलीचं बूच लावत होते.

फतेगंजला पोचेपर्यंत दोन्ही तपकिरी.
या कुळाचं सोनं रंगाचं नसतं, ओलाव्याचं असतं:
पापुद्र्यांमधलं पाणी सुकलं की संपलं.
पुस्तकातून हे मला वीस वर्षं माहीत आहे.

मग पोट उघडलं. मादी होती.
आत एक नळी, केसाहून बारीक, अडीच वेढे घेऊन
स्वल्पविरामासारखी थांबलेली.
शेजारच्या जातींत वेढा एकच.
एवढ्या दीड वेढ्यावर
पृथ्वीच्या यादीत एक ओळ वाढते.

नावावरून मीटिंग झाली. सरांच्या मनात देणगीदार होते.
मी झीणीबेनचं नाव लिहून दिलं.
बाईमाणसाच्या नावाला लॅटिनमध्ये ‘ए’ जोडतात.
अर्थ आपल्या ‘ची’सारखा: झीणीची.
फोनवर त्यांना सांगितलं तर हसल्या.
“मारुं क्यांथी? वेलानुं.”
माझं कुठून? वेलीचं.
मी म्हटलं, वेलीचं नाव आधीच दुसऱ्याला दिलंय.
“तो भले,” म्हणाल्या, आणि बकरीच्या मागे गेल्या.

आता परीक्षकाचं पत्र आलंय. बारा शंका.
अकरांची उत्तरं तयार आहेत.
बारावी: जिवंतपणीचा रंग?

फोटो नाही. बाटलीत घालताना मी नीट बघितलं नव्हतं.
संध्याकाळी पुन्हा फोन लावला. मुलाने दिला.
पाठीमागे भांडी, कोंबड्या, कुणीतरी खोकतंय.
झीणीबेननी बराच वेळ घेतला.
मग म्हणाल्या, सोनं नाही, बेन, सोनं तर पिवळं.
दिवा फुंकल्यावर वात जरा वेळ जागी असते ना,
तसं. कडेकडेला.
आणि मधोमध…

रेंज गेली.
गच्चीवर जाऊन लावला. खाली रावपुऱ्याकडची रहदारी,
कुणाच्या तरी वरातीचा बँड जुळवून बघत होता.
चार वेळा लावला.

परीक्षकाला सोमवारपर्यंत मुदत आहे.
“कडा: विझलेल्या वातीसारख्या” असं लिहिलं, खोडलं.
“कडा तांबूस-सोनेरी” लिहिलं.
पुढे “मध्यभाग” लिहून दोन टिंबं दिली.
टाचणीवरचे दोघं तसेच, तपकिरी,
लाल चिठ्ठीवर माझ्या अक्षरात आद्य नमुना,
गाव, तारीख, वेल.