सरासरीहून किंचित कमी

कार्तिक लागला तरी महाप्याला घाम सुटतो.
पारसिकच्या डोंगराची खाणींनी कुरतडलेली बाजू
दिवसभर तापते, आणि रात्री
आमच्या इमारतीवर उष्मा सोडत बसते.
आत मात्र अठरा अंश, सर्व्हरच्या सोयीने.
नोव्हेंबरात स्वेटर घालणारी या भागात मी एकटीच असेन,
तोही कामावर आल्यावर.

अकरा ते सात
मी हिवाळा लिहिते.

कधी न पाहिलेल्या डोंगराळ मुलखाच्या
पहिल्या थंडीचा अंदाज.
नकाशावर निळे डाग, पिवळे डाग,
आणि मधे एक राखाडी पट्टा, जिथलं कुणालाच काही कळत नाही.
तिथे आम्ही लिहितो, 'सरासरीच्या आसपास'.
फार कामाचे शब्द.
स्थळाची चौकशी करायला कुणी आलं तरी चालतील.

यंदा पांगी खोऱ्यासाठी लिहिलं:
बर्फ सरासरीहून किंचित कमी, शक्यता पंचावन्न टक्के.
साच खिंड महिनाअखेरपर्यंत उघडी राहू शकेल.
'शकेल'वर माझा पगार आहे.

गेटवर प्रेमलाल.
दोन वर्षं त्याच्या वहीत मी वेळ लिहीत आले, सही करत आले,
कुठला, ते विचारलं नव्हतं.
त्या रात्री चहाला खाली उतरले तर म्हणाला,
मॅडम, तुम्ही वर हवामानाचं बघता ना?
साच कधी बंद होणार?

त्याच्या तोंडी ते नाव आखूड होतं,
कडी लावल्यासारखं.

मग त्याने टेबलाच्या खणातून डबी काढली.
आत कवळी.
वडील मे महिन्यात आले होते, तेव्हा कोपरखैरण्याच्या डॉक्टरने माप घेतलं,
पैसे जमायला दिवाळी उजाडली.
आता खिंड मिटायच्या आत दात पोचले नाहीत
तर म्हातारा जूनपर्यंत पेजेवर.
दुसरा रस्ता आहे, पण लांबचा, आणि तोही बर्फाच्या मर्जीतला.
सुट्टी पंचवीस तारखेनंतर. आधी गेलास तर परत येऊ नकोस,
असं ठेकेदाराने सांगितलेलं.

मी पंचावन्न टक्के सांगितले.
तो थांबला. म्हणाला, म्हणजे हो की नाही?

एवढ्या साध्या प्रश्नाला
माझ्याकडे चार आलेख होते.

त्याने घरी फोन लावला, माझ्यासाठी आवाज मोठा केला.
पलीकडून नुसता वारा,
दात नसलेल्या तोंडातून येतो तसा, फ आणि ह.
काय म्हणतात?
म्हणतात, उंदरांनी यंदा अक्रोड लवकर पळवलेत.

मी चहा संपवला. कप चुरगळला.
म्हटलं, आजच नीघ.

वर येऊन अहवाल उघडला,
कर्सर 'किंचित'पाशी बराच वेळ लुकलुकत राहिला.
उंदीर कुठल्या रकान्यात भरायचे?
काहीच बदललं नाही. सही केली, पाठवून दिला.

सोमवारी गेटवर दुसरा माणूस.
वही तीच, पेन दोरीला बांधलेलं.

साच डिसेंबरच्या तीन तारखेला बंद झाली.
अंदाज बरोबर निघाला,
साहेबांनी ग्रुपवर अंगठा दिला.
पंचवीसनंतर निघाला असता तरी पोचला असता प्रेमलाल,
नोकरी राखून.

काल त्याचा फोटो आला.
म्हातारा उन्हात बसलाय, ओठ मागे खेचून
सगळेच्या सगळे दात दाखवतोय, एखादी वस्तू दाखवावी तसे.
मागे तपकिरी शेत, कोरडं ठणठणीत,
बर्फाचा एक ठिपका नाही.
खाली लिहिलंय:
मॅडम, आपण बरोबर सांगितलं होतं.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
आज पहाटे सुटले तेव्हा रबाळ्याच्या तळ्यावर
जरासं धुकं होतं, की कारखान्याचा धूर,
सांगता येत नाही.
स्वेटर काढायचं राहूनच गेलं.