डाख

अकरा महिने मी त्या आवाजाला शिव्या घातल्या.
रात्री साडेअकराला सुरू, दोनला बंद,
मधे एकदा खोकला,
आणि पुन्हा खाडखाड, खाडखाड,
जणू भिंतीपलीकडे कुणी अक्रोड फोडत बसलंय
आणि खात मात्र नाही.
कुताइसीतल्या आमच्या या पाचमजली इमारतींच्या भिंती
बांधणाऱ्यांनी पुठ्ठ्याच्या हिशेबानं बांधल्या.

मग एका मंगळवारी आवाज आलाच नाही.
बुधवारीही नाही.
झोप लागायला हवी होती. नाही लागली.
गुरुवारी मी, साठी उलटलेली बाई,
गाउन सावरत भिंतीला कान लावून उभी.

शुक्रवारी ओतियाच दारात.
काखेत टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"त्सियाला, तू रेडिओच्या कारखान्यात होतीस ना?"
होते. कारखाना नाही आता. हात आहेत.

वायरीत पाय अडकला, म्हणाला,
आणि खोबण मुळासकट उपटून आली.
वायरीच्या टोकाला अजून लोंबत होती,
दोऱ्याला बांधून काढलेला दुधाचा दात.

बावीस स्क्रू. मग भिंग.
खोबणीला पाय पाच.
एक नुसता मानाचा, कशालाच न जोडलेला,
प्रत्येक समितीत असतो तसा.
एक वीज आणतो, एक परत नेतो,
मधले दोघं बोलतात.
नेमकं त्या बोलणाऱ्यांच्या पायाखालचं तांबं
सालपटासारखं सोलून निघालं होतं.

तांब्याच्या वेणीनं जुना डाख टिपून घेतला.
हिरवा रंग ब्लेडनं खरवडला, श्वास धरून,
पाव मक्याच्या दाण्याएवढा,
तोवर खाली गुलाबी धातू उजळला.
मेलेल्या रेडिओच्या वेटोळ्यातून
केसासारख्या दोन तारा काढल्या.
राळेचा धूर उठला
आणि स्वयंपाकघरात रात्रपाळी भरली:
नोना, लामारा, मी, एका बाकावर,
तिघींच्या भुवयांना तोच वास.

"रोज रात्री लिहितोस काय एवढं?"
"पाणी," तो म्हणाला.
रिओनीचं. पुलाखालच्या खुणेपाशी
रोज सकाळी सात वाजता, एकतीस वर्षं, पेन्सिलीनं.
कार्यालय बंद झालं तेव्हा वह्या बंबात जाणार होत्या.
"कुणी मागितलेत का हे आकडे?"
"नाही."
"कुठवर आलास?"
"ब्याऐंशीचा फेब्रुवारी."
आणि मग, माझ्या हाताकडे बघत,
"मार्चात बर्फ वितळतं."

जोडून पाहिलं. कॉम्प्युटर म्हणाला, ओळखत नाही.
दोन्ही तारा मी उलट्या लावल्या होत्या,
एकाच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य.
ओतियाला म्हणाले, थांब, गरम आहे अजून.

खरं सांगते, तेवढ्यात मनात आलं:
राहू दे असाच.
गेला हा, नाही व्हायचा, म्हणावं
आणि मरेपर्यंत शांत झोपावं.
कावीळ झाल्यासारख्या त्या बल्बखाली
मी तो विचार नीट उलटापालटा करून पाहिला.
मग दोन्ही टोकं सोडवली,
अदलाबदल केली,
प्रत्येकावर थेंबभर डाख,
वरून गोंद, आता हत्ती ओढू दे.

पैसे घेतले नाहीत.
त्यानं आंबट आलूच्या चटणीची बाटली ठेवली,
झाकण गळकं निघालं. असो.

साडेअकरा.
दोन ठोके आणि एक जड.
दोन ठोके आणि एक जड.
म्हणजे नव्व्याण्णवच्या आत, नदी आपल्या जागी.
मी उशी कानावर घेतली नाही.
एक वाजून गेला असेल,
फेब्रुवारी संपला असेल,
दोन ठोके आणि एक जड,
दोन ठोके आणि एक जड,
मग तीन.

मी अंथरुणात उठून बसले.