खाऱ्या पाण्याची तयारी

नाथसागराच्या फुगवट्यावर, पैठणच्या अलीकडे,
कचरूमामा माझी पिशवी ओतून बघतात.

हा गळ मरळीचा. समुद्रात टाचणी होईल ह्याची.
हा तंगूस चिलापीपुरता, ठेव घरी.
गांडुळं? हसतात.
तिकडं ती तुझ्यासारखीच बावचळतील.

उद्या रात्रीच्या गाडीनं मी रत्नागिरीला,
रावस धरायला, जन्मात पहिल्यांदा.
मामांनीही समुद्र पाहिलेला नाही
पण गळाचं त्यांना विचारावं लागतं.

"तळ कसा ओळखायचा, मामा?"
शिसं तळहातावर तोलत राहतात.
"मला कधी ओळखावा लागला नाही.
इथं खाली आमचंच गाव.
शिसं टणकलं की देऊळ,
मऊ बसलं की म्हाळसाकाकूचा मळा.
आमच्या दारात मी कधी टाकलं नाही."

मग डबीतलं सगळ्यात जड शिसं
माझ्या खिशात सोडतात.

"पहिल्या ओढीला झटका देऊ नको.
ती त्याची. दुसरी तुझी.
आन् येताना बाटलीभर पाणी आण.
लई खारं म्हणतेत,
बघू तरी, किती."