आठ वर्षं चार महिने

फरक साडेतीन लाखांचा.
नंदनवारांनी शोरूमच्या चहासोबत आलेल्या
कागदी नॅपकिनवर मांडला:
महाल ते बुटीबोरी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर,
रोजचं दीड लिटर वाचतं, धरा दीडशे रुपये,
कामाचे दिवस दोनशे ऐंशी.
आठ वर्षं चार महिन्यांनी
हायब्रिड फिटते.

रिटायरमेंटला तीन वर्षं.

"म्हणजे पुढची पाच वर्षं
बिनपगारी बुटीबोरीला जाऊन यायचं का जी,
नुसते पैसे वसूल करायला?"
वनमालाबाईंनी विचारलं.
सेल्सची पोरगी हसली,
आणि घाईघाईनं बॅटरीच्या वॉरंटीकडे वळली.

टेस्ट ड्राइव्हला, अजनीच्या सिग्नलवर
इंजिन आपोआप गप्प झालं.
बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एसी तसाच.
नंदनवार दचकले.
"बंद नाही पडली," बाई हळूच म्हणाल्या,
"ऐकून राहिली."
मग गुडघ्याचं बोलल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते,
जे महिनाभर राहूनच गेलं होतं.
एकशे दहा सेकंद.

नॅपकिन खिशात घामानं भिजला,
दोनशे ऐंशीचा आठ पुसला गेला.

परतताना आपली जुनी डिझेल,
तोच सिग्नल, स्टिअरिंगसकट थरथरणारा.
बाई काहीतरी बोलल्या.
"काय?" नंदनवार ओरडले.
"काही नाही."