काळं मटण

लिमाच्या बोडक्या टेकडीवर
दोनशे अकरा पायऱ्या चढून एउलालिया घरी येते,
हातात एका सोलचं कोंबडीचं रक्त.
(पूर्वी कोंबडीवाला ते गटारात सोडायचा.
बायका मागू लागल्या, तशी त्याला किंमत कळली.)

पाण्याचा टँकर मंगळवारी. आज रविवार.
म्हणून बटाटे उकडलेलं पाणी ती टाकत नाही,
त्यातच रक्त शिजवते.
गोठून विटकरी झालं की बोटांनी कुस्करते,
वर कांदा, पिवळी मिरची,
आणि तेलाच्या डब्यात लावलेला पुदिना,
तो मात्र फुकटचा.

विल्बेर नाक मुरडतो. ‘‘काय आहे हे?’’
‘‘काळं मटण.’’
तिची पापणीसुद्धा लवत नाही.
धुकं दारातून आत येतं,
जाताना वास घेऊन जातं.
शेजारची ओदिलिया मीठ मागायला येते,
ताटलीसकट.

जूनमध्ये नर्सनं कागदावर लिहिलं होतं: साडेनऊ.
आज पुन्हा बोट टोचलं. अकराला दोनच दशांश कमी.
‘‘गोळ्यांबरोबर काय देता याला?’’
एउलालिया लेकाकडे बघते, शब्द शोधते.

‘‘रक्त,’’ विल्बेर म्हणतो,
‘‘पुदिना घालून.’’